शाळेला मदत करायची आहे? मग खरेदी सगळ्यात शेवटी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेच्या कपाटावर मी एक प्रोजेक्टर पाहिला होता, अजून खोक्यातच. खोक्यावर धूळ आणि धुळीत पालीची अंडी. देणाऱ्या व्यावसायिकाने पैसे मोजले होते, मनापासून दिले होते. पण वर्गात तिन्ही बाजूंनी उजेड येतो, पडदा नाही आणि प्लग पॉइंट फळ्यापासून बारा फुटांवर आहे, हे बघायला कुणी गेलंच नव्हतं.

मी औद्योगिक वसाहतीत एक छोटं युनिट चालवतो आणि गावच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघावरही काही वर्षं होतो. म्हणजे देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अशा दोन्ही टेबलांवरचा चहा प्यायलोय. पैसा कमी पडला म्हणून मदत फुकट गेली, असं मी क्वचितच पाहिलं. फुकट जाते ती क्रम चुकल्यामुळे. आपल्याकडे आधी खरेदी होते, मग कार्यक्रम ठरतो, मग शाळा शोधली जाते आणि गरज काय होती हे सर्वांत शेवटी कळतं. हा क्रम उलटा करायचा आहे. पुढच्या पायऱ्या दुकानदार, हॉटेलवाले, शॅकवाले, कारखानदार, कुणालाही चालतील.

## पायरी १ : आपली थैली मोजा

एका कागदावर तीन आकडे लिहा. पहिल्या वर्षी किती रुपये देणार, पुढची दोन वर्षं दरवर्षी किती देणार, आणि तुमच्या माणसांचे महिन्याला किती तास देणार. दुसरा आकडा लिहिताना हात थांबला, तर पहिला आकडा कमी करा. एकदम एक लाख देऊन गायब होण्यापेक्षा तीन वर्षं तीस-तीस हजार दिलेले शाळेला जास्त उपयोगी पडतात.

किनारपट्टीवरच्या धंद्यांचा एक वेगळा घोळ असतो. गल्ला भरतो ऑक्टोबर ते मे आणि शाळेची गरज उभी राहते जूनमध्ये, ऐन रिकाम्या दिवसांत. म्हणून आपण मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो तसे शाळेचे पैसे मार्चमध्येच वेगळ्या खात्यात टाकून ठेवा. त्यातून वरच्या इयत्तांचे वर्ग आता एप्रिलमध्येच सुरू होऊ लागलेत. जूनमध्ये बघू म्हणणाऱ्याची गाडी तिथेच चुकते.

खाणपट्ट्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. २०१२मध्ये आणि पुन्हा २०१८मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रक, गॅरेज, खानावळी सगळ्यांचेच हात आखडले. तुमचा धंदा एकाच गोष्टीवर उभा असेल, तर दरमहा पगार देण्यासारखं वचन शाळेला देऊ नका. एकदाच खर्च होऊन टिकणारं काम घ्या.

कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार आधीच्या आर्थिक वर्षात निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा जरी गाठली, तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करावी लागते. त्यात शिक्षण बसतं आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, असं कायदाच सांगतो. गोव्यातले बहुतेक व्यवसाय या मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत. त्यांनी सीएसआर हा शब्दच विसरावा. त्यांच्यावर कसली सक्ती नाही आणि ३१ मार्चची घाईही नाही.

इशारा : ज्यांना सीएसआर लागू आहे, त्यांच्याकडून सगळ्यात वाईट खरेदी मार्चमध्ये होते. काम एका वर्षात उरकणारं नसेल, तर सुरुवातीलाच ते चालू प्रकल्प म्हणून मंजूर करून घ्या. मग उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत अखर्चित सीएसआर खात्यात टाकून पुढे वापरता येते. फक्त आपल्या कामगारांच्या मुलांसाठी केलेला खर्च मात्र सीएसआर धरला जात नाही. तो करा, पण वेगळा करा.

## पायरी २ : शाळा निवडा, ओळखीने नव्हे

पहिला निकष अंतर. तुमचा माणूस कामाच्या दिवशी अर्ध्या तासात पोचेल अशी शाळा घ्या. उत्तरेतल्या कळंगुटच्या हॉटेलाने पार दक्षिणेच्या काणकोणातली शाळा दत्तक घेतली, तर बिघडलेला नळ बघायला कोण जाणार?

दुसरं, शाळा कुणाची आहे ते समजून घ्या. सरकारी शाळा शिक्षण संचालनालयाची. अनुदानित शाळा एखादी संस्था चालवते, पगाराला अनुदान सरकार देतं. विनाअनुदानित शाळेचं सगळं संस्थेच्या हातात. तुमच्या पत्रावर सही कुणाची चालेल, हे यावरच ठरतं. मुख्याध्यापकांशी गप्पा झाल्या म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं. इमारतही वेगळी विचारा. काही ठिकाणी शाळा सरकारी असते, पण जागा देवस्थानची, एखाद्या संस्थेची किंवा भाड्याची असते.

तिसरं, मागच्या तीन वर्षांची पटसंख्या मागा. आपल्याकडच्या अनेक सरकारी मराठी-कोंकणी प्राथमिक शाळांचा पट इतका खाली आलाय, की शेजारच्या शाळेत विलीन होण्याची टांगती तलवार असते. म्हणून अशा शाळेकडे पाठ फिरवू नका, तिला मदतीची गरज जास्तच असते. फक्त तिथे भिंतीत बसणारं काही देऊ नका. पुस्तकं, प्रिंटर, कपाट असं उचलून नेता येणारं द्या. उद्या शाळा हलली तर वस्तू मुलांबरोबर जाते.

आणि शाळेकडे जाताना पंच किंवा आमदाराच्या बोटाला धरून जाऊ नका. एकदा त्यांची गाडी पुढे लागली, की पुढच्या निवडणुकीत ती वस्तू कुणाची यावरून भांडण होणार. त्यांना हस्तांतराच्या दिवशी आदराने बोलवा, तेवढं पुरे.

तपासणी : शाळेचा प्रकार, जागेचा मालक, तीन वर्षांचा पट आणि सही करणारी व्यक्ती, या चार गोष्टी लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## पायरी ३ : ऐकायला जा, रिकाम्या हाताने

इथे घाई केली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया जातात. किमान दोन भेटी ठेवा आणि त्यातली एक जुलैतल्या धो-धो पावसात. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. कौलं कुठे गळतात, कुठल्या भिंतीला ओल चढते, व्हरांड्यात पाणी कुठवर येतं, हे जानेवारीच्या स्वच्छ उन्हात तुम्हाला कुणीही दाखवू शकत नाही.

पहिल्या भेटीत खरं उत्तर मिळत नाही, हे धरून चला. एका एकशिक्षकी शाळेत मी गेलो, तेव्हा बाईंना विचारलं, "बाई, शाळेला काय हवं?" त्या म्हणाल्या, "सगळं ठीक आहे हो, तुम्ही द्याल ते चालेल." यावर बरेच जण खूश होऊन टीव्ही घ्यायला निघतात. मी बसून राहिलो. चहा आला. बाई मुलांना सराव प्रश्न फळ्यावर लिहून देत होत्या, चार इयत्ता एकाच खोलीत आणि फळा दोन भागांत वाटलेला. मी सहज विचारलं, "झेरॉक्स का काढत नाही?" तेव्हा कळलं, की झेरॉक्ससाठी वाळपईला जायचं म्हणजे शाळा सुटल्यावर बस पकडायची आणि परतीची बस चुकली की रिक्षा. पैसे स्वतःच्या पर्समधले. त्या शाळेला हवा होता एक साधा प्रिंटर आणि वर्षभराचा टोनर. मी मनात ठरवून गेलो होतो त्या स्मार्ट टीव्हीच्या निम्मीसुद्धा किंमत झाली नाही.

म्हणून "काय हवं" असं विचारूच नका. "काल दिवसभरात कशात वेळ गेला?" असं विचारा. "मागच्या महिन्यात पदरचे पैसे कशावर खर्च झाले?" असं विचारा.

मग उठून फिरा. मुलींच्या शौचालयाची कडी आतून लागते का ते पाहा, नळ सोडून पाहा. आणि कोठीची खोली उघडायला सांगा. ती खोली म्हणजे शाळेला मिळालेल्या मदतीचा इतिहास असतो. बंद संगणक, कार्ट्रिज न बदललेला पाण्याचा फिल्टर, हवा गेलेले फुटबॉल, मोमेंटो. त्यांतली कुठली वस्तू दुरुस्त केली तर चालू होईल ते विचारा. कधीकधी तुमची सगळी मदत म्हणजे एक चांगला इलेक्ट्रिशियन दोन दिवस पाठवणं एवढीच असते.

मुख्याध्यापकांखेरीज आणखी दोघांशी बोला. एक, मुलाला सोडायला आलेली आई. दुसरी, माध्यान्ह आहाराची पाव-भाजी घेऊन येणारी स्वयंसाहाय्य गटातली बाई. ती पाव मोजून आणते, त्यामुळे कुठल्या वारी मुलं कमी असतात आणि कुठल्या वाड्यावरची मुलं पावसात येतच नाहीत, हे हजेरीपटापेक्षा तिला नीट ठाऊक असतं.

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या गरजा पाहायला केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टलही आहे. शाळा त्यावर वस्तू आणि सेवा मागू शकतात, तुम्ही देऊ करू शकता. पण पोर्टलवर "स्मार्ट बोर्ड" लिहिलेलं दिसलं म्हणून प्रत्यक्ष भेट टाळू नका.

नेहमीची चूक : जूनमध्ये वह्या. सरकारी शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं आणि गणवेश मोफत मिळणं हा मुलांचा कायदेशीर हक्क आहे आणि वह्या वाटायला सगळा गाव टपलेला असतो. एकाच मुलाच्या दप्तरात तीन मंडळांच्या वह्या मी पाहिल्यात, प्रत्येकीवर वेगळ्या नेत्याचा फोटो. तीच वही डिसेंबरमध्ये द्या. तेव्हा ती संपलेली असते आणि देणारा कुणी नसतो.

## पायरी ४ : एकच काम घ्या

ऐकून आल्यावर यादीत पंधरा गोष्टी असतील. त्यांतली एक घ्या. निवडताना एवढंच बघा, की हे काम आपल्या धंद्याला जमतं का आणि आपण बाजूला झालो तर बंद पडेल का.

धंद्याला जमणारं म्हणजे काय? हार्डवेअरच्या दुकानाने कड्या, नळ, टाकी, रंग सांभाळावा. छपाईवाल्याने सराव पत्रिका छापून द्याव्यात. हॉटेलाकडे हिशेब, इंग्रजी बोलणं, स्वयंपाकघराची स्वच्छता शिकवणारी माणसं आहेत, आणि शिवाय प्लंबर. वेर्ण्याच्या औषध कंपनीकडे केमिस्ट आहेत. दहावीच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या, अ‍ॅसिड, लिटमस वेळेवर पोचवणं आणि मुदत उलटलेली रसायनं नीट काढून टाकणं त्यांच्याइतकं चांगलं कुणाला जमणार?

सगळ्यांच्या नजरेतून सुटणारं एक काम आहे, ते म्हणजे संध्याकाळ. दहावीचे जादा तास चारनंतर चालतात. अनुदानित शाळेची बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतली मुलांची बस, तोवर निघून गेलेली असते. पेडणे, सत्तरी, सांगे, केपे इकडच्या आतल्या वाड्यांवर कदंब महामंडळाची शेवटची बस चुकली की मुलगी घरी कशी जाणार? मग ती जादा तासालाच बसत नाही. शिक्षक म्हणतात मुलीला अभ्यासात रस नाही. तुम्ही त्या तीन-चार महिन्यांची घरी सोडणारी गाडी उभी केलीत, तर नव्या वर्गखोलीपेक्षा जास्त फरक पडेल.

इशारा : म्हणून कंपनीचा टेंपो किंवा हॉटेलची रिकामी व्हॅन परस्पर मुलांसाठी फिरवू नका. प्रवासी परवाना, विमा आणि चालकाची पडताळणी असलेली गाडी शाळेच्या नावे भाड्याने लावा, पैसे तुम्ही भरा.

शिष्यवृत्तीबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. दहावीचा निकाल लागला की गावातला पहिला आलेला मुलगा दोन आठवडे शाली पांघरत फिरतो. देवस्थान, पंचायत, मंडळ, क्लब, सोसायटी, सगळ्यांकडे गुणगौरव, आणि सगळीकडे तीच फाइल, तेच पेन. त्यात तुमचं सहावं पाकीट कशाला? नववीत अडखळलेलं, पुरवणी परीक्षेला बसलेलं पोर शोधा. त्याची परीक्षा फी, बसपास आणि गणिताच्या दोन महिन्यांच्या शिकवणीचे पैसे शाळेमार्फत भरा, नाव न पुकारता.

## पायरी ५ : कागद

कंटाळवाणं आहे, पण टाळलंत तर वर्षभराने तोंडघशी पडाल.

सरकारी शाळेबाबत पत्र मुख्याध्यापकांमार्फत भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून गरजेप्रमाणे पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाकडे जातं. अनुदानित शाळेत संस्थेचा ठराव घ्या. सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याखाली शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तिच्या बैठकीत विषय मांडला गेला आणि इतिवृत्तात आला, की निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. इमारतीला हात लावणारं कुठलंही काम, अगदी स्वच्छतागृहाची फरशीसुद्धा, लेखी परवानगीशिवाय सुरू करू नका.

पत्र एक पानाचं पुरे. काय देणार, कधी, किती वर्षं, बिघडलं तर फोन कुणाला, वीजबिल, इंटरनेट आणि टोनरचा खर्च कुणाचा, आणि तीन वर्षांनंतर काय. शेवटच्या दोन मुद्द्यांवर सगळे गुळमुळीत बोलतात. तिथेच स्पष्ट लिहा.

आता कर. इथे चांगले शिकलेले लोकही फसतात.

८०जी या नावाने ओळखली जाणारी, देणगीवरची प्राप्तिकरातली वजावट फक्त पैशाच्या देणगीला असते, वस्तूला नाही. तुम्ही पन्नास खुर्च्या दिल्यात, तर वजावट शून्य. रोख दिलेत तर २००० रुपयांपुढे शून्य. ज्या संस्थेला देता, तिच्याकडे वैध प्रमाणपत्र लागतं, नुसती शाळा असून भागत नाही. मालकी व्यवसाय असेल आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल, तर ही वजावट तुम्हाला मुळातच नाही.

जीएसटीचा मुद्दा दुकानदारांसाठी. दुकानातला माल शाळेला फुकट दिला, तर त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट, परत करावी लागते. सीएसआरच्या बंधनातून केलेल्या खरेदीवरही १ ऑक्टोबर २०२३पासून क्रेडिट मिळत नाही. देण्याआधी तुमच्या सीएला एक फोन करा.

सीएसआर कंपनीने आणखी दोन गोष्टी पाहायच्या. ज्या संस्थेमार्फत काम करणार, तिची सीएसआर-१, म्हणजे सीएसआरची कामं घेण्यासाठी लागणारी, नोंदणी आहे ना? आणि विकत घेतलेली वस्तू कंपनीच्या मालकीची राहत नाही ना? जाहिरातीच्या फायद्यासाठी केलेली स्पॉन्सरशिपही सीएसआरमध्ये बसत नाही.

तपासणी : परवानगीचं पत्र हातात आहे? तोंडी होकार धरायचा नाही. बदल्या होतात. ज्यांनी हो म्हटलं, ते मुख्याध्यापक जूनमध्ये दुसऱ्याच तालुक्यात असतात.

## पायरी ६ : आता खरेदी, आणि गोव्याच्या हवेचा विचार

इतक्या पायऱ्यांनंतर दुकानात जायचं. बसवण्याचं काम पावसाआधी नको आणि पावसात तर नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही योग्य वेळ. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आणि दिवाळीच्या सुट्टीत काम काढण्याचा मोह होतो, कारण वर्ग रिकामे असतात. पण चवथीत तुम्हाला सुतार मिळणार नाही, आणि मिळाला तर तो गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला अर्ध्यातून निघून जाईल. दिवाळीची सुट्टी त्यातल्या त्यात बरी.

वीज आधी, यंत्र नंतर. जुन्या शाळांत अर्थिंग नावापुरतं असतं. मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा पहिला बळी राउटर जातो आणि मग संगणक. एका शाळेला मिळालेले सगळे संगणक एका रात्रीत गेले, कारण प्लग तसेच ठेवून शाळा सुटली होती. अर्थिंग तपासून घ्या, एमसीबी (वीज जास्त आली की आपोआप पडणारा स्विच) बसवा, आणि "घरी जाताना बंद" असं लिहिलेला एकच मोठा स्विच दारापाशी द्या. सहा प्लग कुणी उपसत बसत नाही.

जुने संगणक देणार असाल तर थांबा. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यानंतर ऑफिसांतून निघालेल्या यंत्रांचा लोंढा शाळांकडे वळलाय. ज्यावर नवीन विंडोज चालत नाही, असं यंत्र देणं म्हणजे आपला ई-कचरा शाळेच्या कोठीत ठेवणं. द्यायचंच असेल तर हार्ड डिस्क पुसून, लिनक्स घालून, मराठी टायपिंग चालू करून, स्वतः अर्धा तास वापरून द्या. नाहीतर अधिकृत ई-कचरा संकलकाकडे पाठवा.

पुस्तकांचं मोठं शत्रुत्व ओलीशी. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून कपाट ठेवलं की श्रावणापर्यंत बुरशी आणि मागून वाळवी. लाकडाच्या भुशाच्या बोर्डाचं फर्निचर नको, पहिल्याच पावसात फुगतं. लोखंडी कपाट, पाय उंच, भिंतीपासून चार बोटं दूर. आणि कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात राहिली, तर पुस्तकं शोभेची होतात. दार नसलेली मांडणी ठेवा. वर्षाला दहा पुस्तकं हरवतील, हरवू द्या. घरी गेलेलं पुस्तक कुणीतरी वाचतंच.

कुठली पुस्तकं? तुमच्या घरची रद्दी नको. शाळेच्या माध्यमातली, मोठ्या टाइपातली, चित्रांची, पातळ. चौथीच्या मुलाला चरित्राचा तीनशे पानी खंड देऊन काय होणार?

देखभालीचे पैसे खरेदीबरोबरच बाजूला काढा. माझा ठोकताळा असा, की यंत्र असेल तर किमतीच्या पाचव्या हिश्श्याइतकी रक्कम दरवर्षी धरायची, कपाट-बाकांना वीसावा हिस्सा पुरतो. पाण्याचा फिल्टर देणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. कार्ट्रिज न बदललेल्या फिल्टरपेक्षा उकळलेलं पाणी बरं.

तपासणी : वस्तू बसवणाऱ्याने शिक्षकांकडून ती स्वतःच्या हाताने तीनदा चालू-बंद करून घेतली का? नुसतं दाखवून तो निघून गेला असेल, तर काम अपुरं आहे.

## पायरी ७ : हस्तांतर

वीस मिनिटांत उरका. वस्तू शाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढवून घ्या, पोच घ्या, बिलाची आणि वॉरंटी कार्डाची प्रत शाळेला द्या. मुलांना उन्हात रांगेत उभं करून स्वागतगीत म्हणायला लावू नका. मुलांचे फोटो टाकायचे असतील तर पालकांची लेखी संमती हवी. ज्याची फी भरली, त्या मुलाचा फोटो तर कधीच नाही. तुमचं नाव हवंच असेल, तर वस्तूच्या मागे तळहाताएवढी पट्टी पुरे.

## पायरी ८ : माणसं पाठवताना

तुमचा कर्मचारी शाळेत शिकवायला जाणार असेल, तर शिक्षक वर्गात हजर हवेत. कुठल्याही मुलाबरोबर एकट्याने नाही, खासगी फोन नंबर नाही, मेसेज नाही. गोवा बाल कायदा २००३ आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ या दोन्हींची साधी माहिती त्याला आधी द्या. एकदाचं प्रेरक भाषण टाळा. महिन्याच्या ठरलेल्या शनिवारी येणारा अकाउंटंट, मुलांना पासबुक वाचायला आणि चलन भरायला शिकवणारा, दहा वक्त्यांना भारी.

मुलांना कारखाना किंवा हॉटेल दाखवायला बोलवा, पण दाखवायलाच. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामाला लावता येत नाही आणि अठराखालच्याला धोक्याच्या कामाला नाही. "सुट्टीत जरा मदत करतोय, शिकतोय" ही सबब चालत नाही. सीझनमध्ये तर मुळीच नाही.

काम शिकवायचं असेल तर शिकाऊ उमेदवारीचा कायदेशीर रस्ता आहे. कंत्राटी धरून ३० किंवा अधिक माणसं असतील, तर मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं तुमच्यावर बंधनकारकच आहे. ते गुरुग्रामहून मागवण्याऐवजी होंडा किंवा फर्मागुडीच्या आयटीआयच्या प्राचार्यांना जाऊन भेटा. तुमच्याकडे कुठलं मशीन आहे आणि आयटीआयत मुलं कशावर शिकतात, यातला फरक तुम्हाला तिथे अर्ध्या तासात कळेल.

## पायरी ९ : परत जा

महिन्याने, चवथीनंतर आणि वर्षाने. न कळवता नको, पण बडेजाव न करता. यंत्र चालतं का, एवढंच विचारू नका. शेवटचं कधी चाललं, कुणी चालवलं, ते विचारा. टोनर किती संपला यावरून प्रिंटरचा वापर कळतो, पुस्तकांच्या कडा किती मळल्या यावरून वाचन. मला मळकं पुस्तक दिसलं की बरं वाटतं. वापर नसेल तर शिक्षकांवर चिडू नका. निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणं, सगळी कामं त्यांच्याच डोक्यावर असतात. कारण शोधा आणि गरज पडली तर वस्तू दुसऱ्या शाळेत हलवा, अर्थात रीतसर कागद करून.

## पायरी १० : बाहेर पडणं

थांबणार असाल तर एक पूर्ण शैक्षणिक वर्ष आधी लेखी कळवा. मधल्या काळात खर्चाचा भार पालक-शिक्षक संघ, संस्था किंवा शेजारचा दुसरा व्यावसायिक घेतो का, ते तुम्हीच बघा. शाळेला शोधायला लावू नका. तुमच्या पगारावर असलेली शिक्षिका असेल, तर तिला शाळेच्या आधी सांगा.

शेवटच्या दिवशी एक वही द्या. त्यात इलेक्ट्रिशियनचा नंबर, टोनरचा क्रमांक, फिल्टरचं कार्ट्रिज कुठल्या दुकानात मिळतं ते, इंटरनेटची नूतनीकरणाची तारीख आणि सगळे पासवर्ड. आमच्याकडे एकदा सहा महिने संगणक बंद होते, कारण पासवर्ड ज्या इंजिनिअरला माहीत होता, तो दुबईला गेला होता.